व्हिक्टर हू आणि आंतरराष्ट्रीय नागरी सेवेतील निष्ठेचा प्रश्न

प्रस्तावना :
संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम 100 नुसार सचिवालयातील कोणत्याही अधिकाऱ्याने आपल्या वा अन्य शासनाकडून आदेश घ्यावयाचे नसतात. कलम 101 मात्र गुणवत्तेस प्राधान्य देऊन, नेमणुका शक्य तितक्या व्यापक भौगोलिक आधारावर करण्यास सांगते. अधिकारी राष्ट्राचा नसावा, परंतु निवडताना त्याचे राष्ट्र पाहिले जावे, असा हा पेच आहे. चिनी मुत्सद्दी व्हिक्टर हू (हू शिझे) यांच्या कारकिर्दीच्या आधारे या पेचाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुत्सद्दी ते आंतरराष्ट्रीय अधिकारी :
हू यांचा जन्म 1894 मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. वडील हू वेइद हेही मुत्सद्दी होते. पॅरिस येथे कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर हू यांनी चीनच्या परराष्ट्र सेवेत प्रवेश केला. जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाशी संबंधित कामकाज, स्वित्झर्लंडमधील वकिलात आणि पुढे परराष्ट्र खात्याचे उपमंत्रिपद असा त्यांचा प्रवास झाला. विदेशी नागरिकांना चीनमध्ये चिनी कायद्यापासून मिळणारी सूट अमेरिका व ब्रिटन यांनी जानेवारी 1943 च्या करारांनी सोडली, तो हाच काळ होय.

1946 मध्ये पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी त्यांना सहाय्यक सरचिटणीस नेमून विश्वस्त प्रदेशांचा विभाग सोपविला. असमान करारांचा जाच सोसलेल्या देशातील व्यक्तीकडे पराधीन प्रदेशांचे काम येणे अर्थपूर्ण होते. राल्फ बंच हे याच विभागातील अधिकारी होते. 13 डिसेंबर 1946 रोजी आमसभेने पहिले आठ विश्वस्त करार मंजूर केले. अशा प्रदेशांची संख्या पुढे 11 झाली. 1947 मध्ये पॅलेस्टाईनविषयक विशेष समितीबरोबर सरचिटणीसांचे वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून हू गेले. भारतासह 11 राष्ट्रांच्या या समितीत फाळणीवरून तीव्र मतभेद झाले. निर्णय सदस्यांचा आणि साहाय्य सचिवालयाचे, ही मर्यादा अशा वेळी कसोटीला लागते.

बदललेला चीन :
1 ऑक्टोबर 1949 रोजी चीनच्या लोकप्रजासत्ताकाची घोषणा झाली. ज्या शासनाच्या सेवेतून हू आले होते ते तैवानमध्ये गेले. हू मात्र सचिवालयातच राहिले. पुढे परिषद सेवा व तांत्रिक साहाय्य ही क्षेत्रे त्यांनी सांभाळली. त्यांची नेमणूक सरचिटणीसांची असल्याने शासन बदलले तरी ती आपोआप संपुष्टात येत नव्हती. येथे कलम 100 मागील तत्त्व व्यवहारात उतरलेले दिसते.

25 ऑक्टोबर 1971 रोजी आमसभेने 76 विरुद्ध 35 मतांनी चीनचे प्रतिनिधित्व पेकिंग शासनाकडे दिले. 1972 मध्ये हू यांचे निधन झाले. त्याच वर्षी पेकिंगचे तांग मिंगझाओ अवर सरचिटणीस झाले. राजकीय व्यवहार, विश्वस्त प्रदेश व निर्वसाहतीकरण हे विषय त्यांच्याकडे आले. विश्वस्त प्रदेशांच्या ज्या कामापासून हू यांनी 1946 मध्ये आरंभ केला होता, ते काम पुन्हा एका चिनी अधिकाऱ्याकडे गेले.

समारोप :
सनदेने व्यक्तीला शासनापासून संरक्षण दिले. परंतु पदांवरील राष्ट्रांचा दावा ती पुसू शकली नाही. हू यांची सुमारे पाव शतकाची सेवा पहिल्या गोष्टीचा पुरावा आहे, तर तांग यांची नेमणूक दुसऱ्या गोष्टीकडे निर्देश करते. आंतरराष्ट्रीय नागरी सेवेचा इतिहास अभ्यासताना या दोन्ही बाजू एकत्र विचारात घेणे आवश्यक ठरते.