कर्मवीरांचा संसार

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव उच्चारताच रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांच्या शैक्षणिक कार्यावर विपुल लेखन झाले आहे. परंतु हे कार्य ज्या घरात रुजले, ज्या चुलीवर शिजलेल्या भाकरीवर ते वाढले, त्या संसाराची आठवण तुलनेने कमी काढली जाते. पती, पिता आणि आजोबा या नात्यांनी कर्मवीर कसे होते, याचा शोध घेऊ लागले की लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा हे सरकारी नोकरीत होते, तर आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. बाहुबलीच्या डोंगराच्या छायेत वसलेल्या या गावातील संस्कारांनी त्यांना साधी राहणी दिली. बंडखोरी मात्र त्यांच्या रक्तातच होती. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना आपल्याच समाजाचे वसतिगृह सोडावे लागले. ही घटना आपल्या समाजाने विसरू नये. ज्या दारातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्याहून कितीतरी मोठे दार त्यांनी पुढे सर्वांसाठी उघडले.

विवाहानंतर कुंभोजच्याच लक्ष्मीबाई त्यांच्या जीवनात आल्या. त्या सुखवस्तू घरातील. सोवळे, व्रतवैकल्ये आणि आहाराचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या वातावरणात त्या वाढलेल्या. पतीचे जीवन मात्र स्थिर नव्हते. साताऱ्यात शिकवण्या, ओगले काचकारखान्याच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री, पुढे साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत सहभाग, अशी त्यांची वाटचाल झाली. या फिरतीत त्यांनी खेडोपाडीचे दारिद्र्य जवळून पाहिले. 1910 साली दूधगाव येथे सहकाऱ्यांसह सुरू केलेल्या विद्यार्थी आश्रमात त्यांच्या पुढील कार्याचे बीज पडलेच होते. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. व्यवसायात स्थिरावून सुखाचा संसार करणे त्यांना शक्य होते. त्यांनी तो मार्ग सोडला. हा निर्णय एकट्याचा असला, तरी त्याची किंमत दोघांनी मोजली.

1924 साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी मुले एका पंक्तीला बसू लागली. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना हे सहज स्वीकारता आले असेल, असे मानणे म्हणजे त्यांच्या त्यागाचे मोल कमी करणे होय. जन्मापासूनचे संस्कार एका दिवसात गळून पडत नाहीत. तरीही त्यांनी या मुलांना आईच्या मायेने जेवू घातले, त्यांची आजारपणे काढली. मुले त्यांना ‘वहिनी’ म्हणत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या गौरवाच्या मागे स्वयंपाकघरातील मूक परिश्रम होते.

एकामागून एक त्यांच्या अंगावरचे दागिने वसतिगृहाच्या खर्चासाठी गेले. एके दिवशी भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतील धान्य संपले. मुले उपाशी राहण्याची वेळ आली, तेव्हा या माउलीने गळ्यातील मंगळसूत्र देऊन धान्य आणविले. सौभाग्यवती स्त्रीच्या दृष्टीने त्या काळी याहून मोठे दान दुसरे नव्हते. जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. भाऊरावांनी आयुष्यभर शास्त्रदान केले; त्या शास्त्रदानाला आहारदानाचा आधार दिला तो लक्ष्मीबाईंनी.

1930 साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. भाऊरावांनी पुन्हा संसार मांडला नाही. वसतिगृहातील मुले हाच त्यांचा संसार झाला. पुत्र आप्पासाहेब यांच्या वाट्याला आलेले वडील हे शेकडो मुलांचे ‘अण्णा’ होते. अशा पित्याच्या पोटी जन्म घेणे गौरवाचे खरेच, परंतु सोपे खचितच नव्हे. घरच्या मुलाला जे प्रेम हक्काने मिळते, ते येथे सर्वांमध्ये वाटून घ्यावे लागले. कर्मवीरांच्या वात्सल्यात उणीव नव्हती; त्यांच्या घराला कुंपण नव्हते, इतकेच.

1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने गरिबाच्या मुलाला उपकाराची नव्हे, श्रमाची भाकरी मिळाली. पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा आणि शंभरावर माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या. 1959 साली पद्मभूषण हा किताब आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. ही सन्माननीय पदवी त्यांना लाभली. त्याच वर्षी 9 मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

पुढे त्यांचे नातू डॉ. अनिल पाटील यांनीही संस्थेचे चेअरमनपद सांभाळले. परंतु अण्णांची नातवंडे केवळ रक्ताची नव्हेत. त्यांच्या वसतिगृहात शिकून शिक्षक झालेल्यांनी ज्यांना घडविले, ती सारी त्यांचीच नातवंडे. सोलापुरात लक्ष्मीबाई भाऊराव पाटील महिला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आजही वहिनींचे नाव घेऊन शिक्षण घेत आहेत.

अपरिग्रह हे व्रत आपण सारेच जाणतो. उरलेल्या संपत्तीतून देणे ही त्याची पहिली पायरी होय. स्वतःच्या घरालाच धर्मशाळा करणे ही त्याची परमावधी. पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर एखादी संस्था आपल्या कोनशिलांवरील देणगीदारांची नावे आदराने वाचते, ते योग्यच आहे. मात्र त्या नावांखाली, कोठेही न कोरलेली, स्वयंपाकघरात राबलेल्या आणि गळ्यातले काढून देणाऱ्या माउलींची नावेही असतात. कर्मवीरांच्या संसाराचे स्मरण म्हणजे त्या न कोरलेल्या नावांना केलेले वंदन आहे.