तलवारीआधी पत्रांनी लढली गेलेली खेडची लढाई

पुणे-नाशिक हायवेवर चाकणची एमआयडीसी मागे टाकली की थोड्याच वेळात राजगुरुनगर लागतं. त्याचं जुनं नाव खेड. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी इथं भीमेच्या काठी मराठ्यांच्याच दोन फौजा आमनेसामने आल्या. एकीकडे शाहू महाराज, दुसरीकडे त्यांच्या चुलती महाराणी ताराबाई यांचं सैन्य.

वाद काय होता?

१६८९ मध्ये रायगड मोगलांनी घेतला आणि सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह कैदेत गेले. १७०० मध्ये राजाराम महाराजांचं निधन झालं. त्यानंतर ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली.

१७०७ मध्ये औरंगजेब गेला. त्याचा मुलगा आझमशहानं शाहूंना सोडलं, येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. शाहू परतले की मराठ्यांत फूट पडेल, हा मोगलांचा हिशोब होता. तो खरा ठरला.

पत्रं कुणाला गेली?

शाहूंकडे सुरुवातीला ना खजिना होता, ना मोठी फौज. त्यामुळे खानदेशात पोहोचताच त्यांनी सरदार आणि वतनदारांना पत्रं धाडली. गादीचे खरे वारस आपणच, आपल्याला येऊन मिळा, हा त्यांचा सांगावा.

ताराबाईंकडूनही पत्रं सुटली. आधी म्हटलं गेलं, हा तोतया आहे. पुढचा मुद्दा जास्त वजनदार होता: थोरल्या महाराजांचं राज्य संभाजी महाराजांच्या काळात गेलं, राजाराम महाराजांनी ते नव्यानं उभं केलं, मग शाहूंचा हक्क कसला?

वतनदारांना एवढं महत्त्व का? कारण महसूल, धान्य आणि माणसं देशमुख-पाटलांच्या हातात होती. त्यांच्यासाठी निवड सोपी नव्हती. चुकीच्या बाजूला गेलं तर पिढीजात वतन जाणार.

पारदची गढी

वाटेत मराठवाड्यातल्या पारद गावच्या गढीतून शाहूंच्या सैन्याला विरोध झाला. चकमकीत पाटील सयाजी लोखंडे मारले गेले. त्यांच्या पत्नीनं आपलं लहान मूल शाहूंच्या पुढ्यात ठेवून अभय मागितलं, असं सांगितलं जातं. शाहूंनी ते मूल सांभाळलं आणि फत्ते झाली म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह.

खेडला काय घडलं?

ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली होती. सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्यांनी शाहूंवर पाठवलं. पण शाहू खरे आहेत की तोतया, याची धनाजींनी आधी खातरजमा करून घेतली. त्यात त्यांच्या पदरी असलेले बाळाजी विश्वनाथ मध्यस्थ होते, असं मानलं जातं. ऐन लढाईत धनाजी शाहूंना मिळाले. प्रतिनिधींना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली.

पुढे काय झालं?

जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. येसूबाई मात्र १७१९ पर्यंत कैदेतच राहिल्या. भाऊबंदकी मिटायला १७३१ उजाडलं. त्या वर्षीच्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या मान्य झाल्या.

आणि पारदच्या गढीतलं ते पोर? अक्कलकोट संस्थानच्या भोसले घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे हेच फत्तेसिंह.