जॉइन, रुजू आणि जू



'जॉइन' हा शब्द आता मराठीच झाला म्हणायला हरकत नाही. गंमत बघा, आपण जिम 'जॉइन करतो', मीटिंग 'जॉइन करतो', पण नोकरीवर मात्र 'जॉइन होतो'. इंग्रजीत दोन्हीकडे क्रियापद एकच. हा 'होतो' आपण आपल्या पदरचा घातला, आणि मला वाटतं तो 'रुजू होणे' मधून उचलला. निवृत्त मास्तरणीला दुसरं काय सुचणार, म्हणून या दोन शब्दांच्या मागे लागले.

'जॉइन' इंग्रजांचा घरचा शब्द नाही. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कचेऱ्यांत फ्रेंच आली. त्या फ्रेंचमधून साधारण 1300च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला. फ्रेंचांना तो लॅटिनमधल्या 'युंगेरे' या क्रियापदापासून मिळाला. 'युंगेरे' म्हणजे जोडणे, जुंपणे. आता इथे संस्कृत शिकलेल्यांचे कान टवकारतील. होय, हा आपल्या 'युज्' धातूचाच भाऊ! संस्कृतात युग म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, लॅटिनमध्ये 'युगुम', ग्रीकमध्ये 'झुगॉन', इंग्रजीत 'योक'. मराठी 'जू' हे त्याच युगाचं झिजून उरलेलं रूप. इतकंच काय, आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती भाषेच्या विटांवरही हाच शब्द आहे.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतलं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचं मूळ एक असावं, असं विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत 1786 मध्ये सांगितलं. हे एक जू पाहिलं तरी त्याचं म्हणणं पटतं. त्या मूळ भाषेची माणसं काय खात होती, कुठे राहत होती यावर विद्वान भांडोत, पण बैल जुंपत होती एवढं नक्की.

म्हणजे इंग्रजीत 'योक' घरचा आणि 'जॉइन' फ्रान्समार्गे आलेला, दोघे चुलतभाऊ. या घराण्यात चांगले-वाईट दोन्ही निघाले. जंक्शन, जॉइंट तर आपल्या रोजच्या ओळखीचे. दांपत्यजीवनाला लागणारा 'कॉन्ज्युगल' यातलाच, आणि गुलाम करणे या अर्थाचा 'सब्ज्युगेट'ही यातलाच. 'सब्ज्युगेट' म्हणजे शब्दशः जुवाखाली आणणे. रोमन लोक हरलेल्या सैनिकांना भाल्यांच्या चौकटीखालून वाकून जायला लावत, तिला ते जूच म्हणत. इ.स.पू. 321 मध्ये सॅम्नाइट लोकांनी ही पाळी खुद्द रोमन सैन्यावरच आणली, आणि रोमन इतिहासकार ते शल्य पुढे शतकानुशतकं उगाळत राहिले.

आपल्याकडेही तेच. योग, वियोग, उद्योग, योजना, आयोग, सगळी 'युज्'ची लेकरं. (वेतन आयोगाची वाट पाहण्यात आमच्या पिढीचं अर्धं आयुष्य गेलं, पण असो.)

'रुजू'चं घराणं मात्र वेगळं. मूळ अरबी, अर्थ परत येणे, वळणे. फारसीच्या वाटेने तो आपल्या दफ्तरांत आला आणि 'समक्ष हजर होणे' या अर्थाने रुळला. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहणे ती 'रुजुवात'. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी रुजू, हजर, दाखल ही मंडळी दफ्तरात ठाण मांडून राहिली. राज्य सरकारच्या 1981च्या नियमांत 'जॉइनिंग टाइम'ला 'पदग्रहण अवधी' म्हटलं आहे. माझ्या सगळ्या नोकरीत हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला नाही. पद काही आपण ग्रहण करत नाही हो, तेच आपल्याला ग्रहण करतं!

मी 1974च्या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. रुजू अहवालात तारखेपुढे म.पू. किंवा म.नं. लिहायचं, म्हणजे मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर. त्या एका तारखेवर ज्येष्ठता, वेतनवाढ, पुढे पेन्शन, सगळं लटकलेलं. बदली झाली की आधी जुन्या शाळेतून 'कार्यमुक्त', मग नव्या गावी 'रुजू'. एक जू उतरलं, दुसरं चढलं.

लग्नानंतर आमचे हे एका तालुक्यात आणि मी दुसऱ्यात, अशी साडेचार वर्षं गेली. थोरला माझ्याजवळ, आणि हे शनिवारी शेवटच्या एस.टी.ने यायचे, सोमवारी पहाटे पहिल्या गाडीने परत. थोरला बरेच दिवस त्यांना 'शनिवारचे बाबा' म्हणायचा. आम्ही हसायचो, पण ते हसणं काही खरं नव्हतं. नोकरीशी जोडलं जाणं म्हणजे घरापासून तुटणं, हे त्या वेळी कितीतरी शिक्षिकांचं रोजचं जिणं होतं. आमच्या शाळेतल्या एक बाई तर अकरा वर्षं अशा राहिल्या. बदलीचे अर्ज करायचे, साहेबांना भेटायचं, पुढच्या जूनची वाट बघायची.

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन करण्याचा शासन निर्णय 2017च्या फेब्रुवारीत निघाला. त्यात 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा वेगळा संवर्ग आहे, अंतराची अट 30 किलोमीटरची. शब्द अगदी सरकारी, पण मला आवडला. एवढ्या जुन्या दुःखाला निदान नाव तरी मिळालं.

माझी एक भाची त्या संवर्गातून नवऱ्याच्या तालुक्यात आली. अंतर 34 किलोमीटर भरलं, चार किलोमीटरवर निभावलं म्हणायचं! ती नव्या शाळेत हजर झाली त्या संध्याकाळी मी फोन केला आणि सवयीने विचारलं, "काय गं, म.पू. की म.नं.?"

"म.पू. हो मावशी, शाळा उघडायच्या आधीच जाऊन उभी होते," ती म्हणाली.