२८ धावा, सात विकेट

सामना २३ जुलै २०१७ चा. महिला विश्वचषकाची फायनल, मैदान लॉर्ड्स, समोर इंग्लंड. आपण नऊ धावांनी हरलो. कुठे हरलो असं विचारलं, की लोक त्या रात्रीच्या शेवटच्या पाऊण तासाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. म्हणून हा घटनाक्रम थोडा आधीपासून लावतो आहे. वेळा सांगलीच्या घड्याळातल्या, म्हणजे लंडनच्या साडेचार तास पुढच्या, आणि ढोबळ. षटकं आणि धावा मात्र स्कोअरकार्डात आहेत तशाच.

चोवीस दिवस आधी, टॉन्टन

२९ जून. माधवनगरच्या स्मृती मानधनाने वेस्ट इंडिजविरुद्ध १०८ चेंडूंत नाबाद १०६ केल्या. त्याआधी २४ जूनला डर्बीत इंग्लंडविरुद्ध ७२ चेंडूंत ९०. हे सगळं अशा पोरीकडून, जिच्या गुडघ्याचा लिगामेंट जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळताना फाटला होता आणि जी पाच महिने दुखापतीतून सावरून थेट विश्वचषकात उतरली होती. सांगलीला याचं फारसं नवल वाटलं नसावं. जिल्हा संघातून वडील खेळलेले, भाऊ खेळलेला. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी एकोणीसच्या. २०१३ मध्ये वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४. एक दिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी.

दोन डावांत १९६ धावा. आणि इथूनच उतरण लागली. पुढचे आकडे नुसते वाचावेत: २, ८, ४, ३, १३, ६. सहा सामने, ३६ धावा.

तीन दिवस आधी, डर्बी

सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाला हरमनप्रीत कौरने ११५ चेंडूंत नाबाद १७१ ठोकल्या. पावसामुळे सामना ४२ षटकांचा झालेला, आपले २८१. अशी खेळी झाली की बाकी सगळं झाकलं जातं. स्मृतीचे ६ झाकले गेले, आणि खालच्या फळीचा प्रश्नही, कारण खालच्या फळीवर वेळच आली नाही.

खरं तर पर्याय हाताशी होता. १५ मे रोजी, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, दक्षिण आफ्रिकेत पॉचेफ्स्ट्रूमला आयर्लंडविरुद्ध दीप्ती शर्मा आणि पूनम राऊत यांनी सलामीला ३२० धावांची भागी केली होती. दीप्ती १८८, पूनम १०९. स्मृतीला काढा असं मी म्हणणार नाही; फायनलला अशी बॅट बाहेर बसवायची छाती माझीही झाली नसती. पण १८८ करणारी मुलगी फायनलला सातव्या क्रमांकावर पाठवायची, हे गणित मला आजही उलगडत नाही. ते लक्षात ठेवा, रात्री लागेल.

आदला दिवस

क्रिकेट मंडळाने प्रत्येक खेळाडूला ५० लाख रुपये जाहीर केले. महिला क्रिकेट मंडळाकडे आलं २००६ मध्ये, वार्षिक करार मिळाले २०१५ मध्ये. फायनल दारात आल्यावर थैली सैल झाली.

रविवार, दुपारी ३.००

सांगलीत आषाढ अमावस्या, म्हणजे गटारी, आणि तीही रविवारी. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. असा योग आल्यावर सकाळी मटणाच्या दुकानांपुढे काय गर्दी असते ते सांगलीकराला सांगायला नको. जेवणं जड झालेली, आणि तीन वाजता टीव्हीवर लॉर्ड्सची घंटा वाजली. वाजवली एलीन अ‍ॅश यांनी, इंग्लंडच्या जुन्या कसोटीपटू, वय १०५ वर्षं. स्टेडियम खच्चून भरलेलं. इंग्लंडने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली.

सव्वातीनला अमावस्या सुटली. त्यामुळे पुढच्या प्रकाराचा दोष तिच्यावर टाकायची सोय नाही.

दुपारी ४ ते संध्याकाळी ६

४७ वर पहिली विकेट, मग पूनम यादवने दोन काढल्या, ६३ वर ३. सारा टेलर आणि नॅट सिव्हर यांनी ८३ जोडल्या. तेव्हा झूलन गोस्वामी परत आली. टेलर यष्टीमागे झेल, पुढच्याच चेंडूवर फ्रॅन विल्सन पायचीत, थोड्या वेळाने अर्धशतक केलेली सिव्हरही पायचीत. १६४ वर ६. झूलनचे आकडे: १० षटकं, ३ निर्धाव, २३ धावा, ३ बळी. चौतीस वर्षांची बाई फायनलमध्ये असा स्पेल टाकते आणि तो हरलेल्या सामन्यात जमा होतो, याला काय म्हणावं!

आता नीट पाहा. इथून पुढे इंग्लंडची शेपूट. कॅथरीन ब्रंटने ३४ केल्या, दीप्तीच्या थेट फेकीवर धावबाद झाली. जेनी गन नाबाद २५, लॉरा मार्श नाबाद १४. चौकारांची आतषबाजी नाही, एकेरी-दुहेरी घासत राहिल्या. सहावी विकेट पडल्यानंतर इंग्लंडने ६४ धावा जोडल्या आणि गमावली एकच विकेट, तीही गोलंदाजाला न मिळालेली. एकूण २२८ वर ७.

माझ्या मते सामना इथे गेला. तेव्हा कुणाला कळलं नाही, कारण २२९ हे काही डोळे पांढरे करणारं लक्ष्य नव्हतं.

सातच्या सुमारास. हव्या २२९

दुसऱ्या षटकाचा चौथा चेंडू. आन्या श्रबसोल. स्मृती त्रिफळाचीत. चार चेंडू, शून्य. दोन डावांत १९६, मग सात डावांत ३६: एकूण २३२ धावांवर तिची स्पर्धा संपली. फलक ५ वर १.

आठच्या आसपास. हव्या १८६

तेरावं षटक नुकतंच सुरू झालेलं. मिताली राज १७ वर धावबाद. पळता पळता तिचा वेग एकदम मंदावला आणि ती क्रीजपर्यंत पोचलीच नाही. टीव्हीवर ते दृश्य पाहून लोक चिडले. बुटाचा खिळा अडकला होता, असं तिने नंतर सांगितलं. ४३ वर २.

कोसळण्याचा सांगलीचा जुना परिचय आहे, हे इथे आठवतं. १९५२ मध्ये लीड्सला भारताच्या दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी गेले होते, इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रुमन याच्या पहिल्याच कसोटीत. तेव्हा कप्तान होते विजय हजारे, जन्म सांगलीचा, १९१५. त्यांनी त्या ढिगाऱ्यात उभं राहून ५६ काढल्या. सामना वाचला नाही, पण १६५ पर्यंत तरी गेलो. त्याच्या काही महिने आधीच मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली होती, तीही हजाऱ्यांच्याच हाताखाली.

आठ ते नऊ. हव्या १८६ वरून ९१

या तासाबद्दल कुणाची तक्रार नसावी. पूनम राऊत आणि हरमनप्रीत यांनी ९५ जोडल्या. हरमनप्रीतने ८० चेंडूंत ५१ केल्या. तीन दिवसांपूर्वी १७१ मारणारीने इतका आवर घालून खेळावं, म्हणजे खेळपट्टी आणि दडपण दोन्ही किती असेल ते समजावं. मग अलेक्स हार्टलीला उचलून मारताना तिचा झेल टॅमी ब्यूमाँटकडे गेला. १३८ वर ३, चौतिसावं षटक. ९९ चेंडूंत ९१ हव्या, सात विकेट हातात. आजच्या कुठल्याही संघाला अशी जागा द्या, दहापैकी नऊ वेळा जिंकेल.

साडेनऊ. हव्या ३८

वेदा कृष्णमूर्ती आली आणि धावा पळू लागल्या. पूनम ८६ वर पोचलेली. त्रेचाळिसावं षटक, पाचवा चेंडू, पुन्हा श्रबसोल. पायचीत. पूनम विचारात पडली, रिव्ह्यूची वेळ उलटून गेल्यावर तिने तो मागितला, पंचांनी नाकारला. मुंबईच्या या मुलीने ११५ चेंडू खेळून सामना दाराशी आणून ठेवला होता, आणि तिचं नाव आज फायनलच्या आठवणीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येतं. हा अन्यायच आहे.

१९१ वर ४. ४३ चेंडूंत ३८. षटकामागे सव्वापाच.

पावणेदहा. हव्या ३३, २९, २८

सहाव्या क्रमांकावर दीप्ती येईल असं वाटलं. आली यष्टीरक्षक सुषमा वर्मा. दोन चेंडू, हार्टलीने त्रिफळा उडवला. १९६ वर ५.

पुढच्याच षटकात श्रबसोल. वेदाने उंच मारला, सिव्हरने घेतला: ३५ धावा, २०० वर ६. दोन चेंडूंनी झूलनचा त्रिफळा. २०१ वर ७.

तेरा चेंडूंपूर्वी चौथी विकेट पडलेली, आणि आता सातवी. अजूनही ३० चेंडूंत २८ च हव्या होत्या. गरज होती ती मार्शसारखं कुणीतरी उभं राहण्याची. वेदाला बाहेर बसून कुणी सांगायला हवं होतं की बाई, एकेक घे. सांगितलंही असेल. पण चौघींनाही घाई झाली होती, आणि धावगती घाई करण्याजोगी नव्हती, हा या कोसळण्याचा खरा विचित्रपणा.

दहा वाजून गेले. हव्या ११

गोव्याची शिखा पांडे आणि दीप्ती यांनी १७ जोडल्या. सांगलीपासून शिमल्यापर्यंत लोक पुन्हा सरसावून बसले असतील. मग शिखा धावबाद. एकोणपन्नासाव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर दीप्तीचा झेल पुन्हा सिव्हरकडे, १४ वर. २१८ वर ९. ११ चेंडूंत ११.

पूनम यादवचा झेल जेनी गनने सोडला. अगदी सोपा. म्हणजे दैवानेही एक संधी दिली. चौथ्या चेंडूवर राजेश्वरी गायकवाडचा त्रिफळा उडाला. सर्वबाद २१९, आठ चेंडू शिल्लक. श्रबसोलला ४६ धावांत ६.

शेवटच्या सात विकेट २८ धावांत. इंग्लंडच्या शेपटाच्या ६४ शेजारी हा आकडा ठेवला की सामन्याचा निकाल तयार होतो.

पुढचं वर्ष

परतल्यावर सत्कार, बक्षिसं, रेल्वेत बढत्या सगळं झालं. संघाच्या यादीवर मात्र दोनच प्रश्न होते. सलामीची डावखुरी परत सुरात येणार का, आणि सात ते नऊ क्रमांकावर कोण.

पहिल्याचं उत्तर फेब्रुवारीतच मिळालं. किंबर्लीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध स्मृतीने ८४ आणि लगेच १३५ केल्या. २०१८ सालात १२ एक दिवसीय सामने, ६६९ धावा, सरासरी ६६.९०, वर्षअखेरीस आयसीसीची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू. गुडघा बरा व्हायला जो वेळ लागणार होता तो विश्वचषकाच्या मध्येच लागला, इतकंच.

दुसऱ्याचं उत्तर मिळायला फार वर्षं लागली. सुषमाच्या जागी तानिया भाटिया आली. वेदा एप्रिल २०१८ नंतर एक दिवसीय संघात दिसली नाही. वरच्या फळीत मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज आली, टी-ट्वेंटी संघात आमच्या शेजारच्या कोल्हापूरची अनुजा पाटील होती. पूजा वस्त्राकरने मार्च २०१८ मध्ये वडोदऱ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नवव्या क्रमांकावर येऊन ५१ केल्या आणि वाटलं, सापडली आपली जेनी गन. पण ती मालिका आपण ०-३ अशी हरलो. नोव्हेंबरात अँटिग्वाला टी-ट्वेंटी विश्वचषकाची सेमीफायनल, समोर पुन्हा इंग्लंड: २ बाद ८९ वरून सर्वबाद ११२. आठ विकेट, २३ धावा. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेची फायनल, ऑस्ट्रेलिया: २ बाद ११८ वरून सर्वबाद १५२. हरलो नऊ धावांनी. तोच आकडा.

२०१७ च्या अकरा जणींपैकी तिघीच पुढे २ नोव्हेंबर २०२५ च्या फायनलला उरल्या: हरमनप्रीत, स्मृती, दीप्ती. वारही रविवारच, मैदान नवी मुंबईचं. स्मृतीने ४५ केल्या, शफाली वर्मासोबत सलामीला १०४. स्पर्धेत तिच्या ४३४ धावा झाल्या. सातव्या क्रमांकावर ऋचा घोष, २४ चेंडूंत ३४. आणि दीप्तीला त्या दिवशी पाचव्या क्रमांकावर पाठवलं. तिने ५८ केल्या, मग पाच बळी घेतले, आणि दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली.