कुलकर्णी वतनाचा अंत आणि दरबारी सत्तेचा विस्तार : कोल्हापूर संस्थान, 1918

कोल्हापूर संस्थानातील ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास बहुधा सामाजिक न्यायाच्या अंगाने होतो. पक्षीय संघर्षातून शासनसंस्थेचा आवाका किती वाढला, हा प्रश्न मागे पडतो. 1918 मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, ही घटना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

कुलकर्णी हा गावचा वंशपरंपरागत दप्तरदार. जमिनीच्या नोंदी, वसुलाचा हिशेब आणि निरक्षर रयतेला न उमगणारा मोडी कागद त्याच्या ताब्यात असे. हुकूम दरबाराचा असला तरी गावची खबर कुलकर्ण्याची. तो बहुतांशी ब्राह्मण असल्याने वेदोक्त प्रकरणानंतर हा प्रश्न निव्वळ महसुली राहणे शक्यच नव्हते. एका पक्षाला त्यात मक्तेदारीचा शेवट दिसला, दुसऱ्याला पिढीजात हक्कावरील घाला. आणि दोघांचेही म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते.

तलाठ्याच्या जागा अस्पृश्य तरुणांनाही खुल्या झाल्या, हे यश लहान नव्हे. तथापि तलाठ्याची नेमणूक, बदली व बडतर्फी दरबाराच्या हाती आली; गावचे दप्तर वतनदाराच्या वाड्यातून निघाले ते सरकारच्या ताब्यात गेले. मुंबई राज्यात याच वतनांसाठी 1950 चा कायदा करावा लागला. कोल्हापुरात 1918 मध्ये निर्वाचित विधिमंडळच नव्हते, त्यामुळे हुकमावर भागले. दरबार आपल्या बाजूचा असताना त्याच्या अधिकाराला मर्यादा घालण्याची निकड चळवळीला भासली नसावी. पुढे 1939 मध्ये प्रजापरिषदेने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करून दरबाराशी लढा मांडला. तिचे नेते माधवराव बागल हे सत्यशोधक घराण्यातलेच होते.