शालेय रोबोटिक्स संघाचा पट

शालेय रोबोटिक्स संघात किती विद्यार्थी असावेत, हा प्रश्न ज्या परंपरेतून आला तिच्या उगमाशी मुळी संघच नव्हता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वुडी फ्लॉवर्स यांनी 1970 च्या दशकात 2.70 या यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमाला स्पर्धेचे रूप दिले, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्या सामानाचा सारखाच संच मिळे आणि त्यातून आपले यंत्र त्याला एकट्याने उभे करावे लागे. डीन केमन यांनी 1989 मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि फ्लॉवर्स यांच्या साहाय्याने ती कल्पना शाळांपर्यंत नेली. 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेत 28 संघांची पहिली स्पर्धा झाली.

संघ आला तसा पटाचा प्रश्नही आला, मात्र त्याचे उत्तर मैदानावर मिळण्यासारखे नव्हते. सामना जेमतेम दोन-अडीच मिनिटांचा असतो आणि रोबोट चालवायला दोन-तीन विद्यार्थी पुरतात. पण 2019 पर्यंत रोबोट सुमारे सहा आठवड्यांत बांधून बंद करून ठेवावा लागे, त्यामुळे सांगाडा, वायरिंग आणि आज्ञावली ही कामे एकाच वेळी चालवण्यावाचून गत्यंतर नसे. त्यात निधी जमवणे, प्रायोजकांशी पत्रव्यवहार करणे आणि परिसरात विज्ञानाचा प्रसार करणे ही कामे मिळाली. ‘फर्स्ट’ने आपला सर्वोच्च पुरस्कार रोबोटच्या विजयाला न देता संघाच्या एकूण कार्याला दिला, आणि पट वाढण्याचे खरे कारण बहुधा तेच असावे.

लहान मुलांच्या बाबतीत नियमकर्त्यांनी उलट बाजूने विचार केलेला दिसतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘फर्स्ट’च्या लेगो लीगमध्ये संघाला 10 मुलांची कमाल मर्यादा आहे, तर ‘टेक चॅलेंज’ या मधल्या स्तरावर ती 15 आहे. लेगो लीगच्या टेबलाभोवती एका वेळी दोघांचेच हात चालत असतील, तर पंधरावे मूल केवळ प्रेक्षक उरते. मोठ्या रोबोटच्या स्पर्धेला मात्र अशी कमाल मर्यादा नाही.

नव्या संघापुढील खरी अडचण आणखी निराळी असते. अमेरिकी हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते, त्यामुळे बारावीच्या 8 विद्यार्थ्यांवर उभा राहिलेला संघ पुढच्या वर्षी शून्यावर येतो, तर चारही इयत्तांतून प्रत्येकी दोघे घेतलेल्या तितक्याच संघात काम जाणणारे सहा जण उरतात.