टेंभुर्णी : जातिनिश्चितीचा इतिहास (गोंदिया जिल्हा)

गोंदिया जिल्ह्याच्या (1999 पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग) पानझडी वनांत टेंभुर्णी किंवा तेंदू हा वृक्ष विपुल आढळतो. विल्यम रॉक्सबर्ग यांनी 1795 मध्ये त्याचे डायोस्पायरॉस मेलॅनोक्झायलॉन या नावाने वर्णन केले. चौकोनी खवल्यांची काळी साल, नर-फुलांचे झुबके, एकाकी स्त्री-पुष्प व फळाखाली टिकून राहणारा संवर्त ही त्याची लक्षणे. पानांवरील लवेवरून त्यांनी टोमेंटोजा ही जाती वेगळी मानली. परंतु लव पानाच्या वयानुसार बदलते, म्हणून काही शास्त्रज्ञांनी ती याच जातीचा प्रकार ठरविली. विडीसाठी पाने खुडणारे मात्र फुलाफळांवर विसंबत नाहीत. छाटलेल्या झुडपांच्या फुटव्यांवरील मऊ, चिवट पान हीच त्यांची खूण. 1969 च्या अधिनियमाने या पानांचा व्यापार राज्याच्या नियंत्रणाखाली आला. 2006 च्या वनाधिकार कायद्याने त्यांची गणना गौण वनोपजात होऊन वनवासींचा मालकी हक्क मान्य झाला.